ब्रोशरवरचा स्कोअर आणि भावाचा हात: मायोइलेक्ट्रिक हाताच्या टेस्टबद्दल सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक होता म्हणून आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. भाऊ २७ वर्षांचा, अंबडला पॉवर प्रेसवर काम करताना उजवा हात गेला, कोपर शाबूत आहे आणि कोपराखाली निम्मा हात शिल्लक आहे, चार महिने झालेत. एका सेल्सवाल्याने सगळी बोटं वेगवेगळी हलणाऱ्या मायोइलेक्ट्रिक हाताचं, म्हणजे स्नायूंच्या सिग्नलवर मोटरने चालणाऱ्या कृत्रिम हाताचं, साडेसहा लाखांचं कोटेशन दिलंय, त्याच्या ब्रोशरवर "१० लाख सायकल टेस्टेड" आणि "बॉक्स अँड ब्लॉक स्कोअर ३२" असं छापलंय. ह्या टेस्ट म्हणजे नेमकं काय आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा हा एक प्रश्न. दुसरा असा की बायोमेडिकलला असलेल्या भाच्याने सांगितलं की आता शरीराच्या आत बसवायचे सेन्सर येतायत, त्याच्या टेस्ट डुकराच्या पिल्लांवर करतात, रक्तातली प्रोटीन मोजतात, तर मग दोन-तीन वर्षं थांबून तेच घ्यावं का.

मी नाशिकमध्ये प्रोस्थेटिस्ट म्हणून, म्हणजे कृत्रिम हात-पाय बसवायचं, बरीच वर्षं काम करतोय, हाताच्या केसेस आमच्याकडे जास्त करून सातपूर-अंबडच्या प्रेसवरच्या, मग निफाड-सिन्नर साइडच्या कडबा कुट्टी आणि थ्रेशरच्या, आणि अधूनमधून करंट लागलेल्यांच्या. तर सरळ सांगतो. ब्रोशरवरचे दोन्ही आकडे खरे असू शकतात, पण त्यातला एक आकडा मशीनचा आहे आणि दुसरा कुठल्यातरी दुसऱ्याच माणसाचा आहे, तुमच्या भावाचा त्यात एकही नाही. त्याचा आकडा त्याच्याच स्टंपवर (उरलेल्या हातावर), त्याच्याच सॉकेटमध्ये (स्टंप ज्यात बसतो त्या खोळीत), इथेच काढायला लागतो.

आधी सायकल टेस्ट घ्या. हात एका फिक्स्चरवर बांधतात, मोटरला कमांड देत राहतात, उघड-मीट उघड-मीट दिवसरात्र, आणि कितव्या वेळेला काय तुटतं ते बघतात. टेस्ट चांगलीच आहे, ती करायलाच पाहिजे, फक्त सेल्सवाल्याला एवढं विचारा की बोटांत काही धरलेलं होतं का हात रिकामाच हलत होता, कारण रिकामा हात उघडमीट करणं म्हणजे गाडी सेंटर स्टँडवर लावून चाक फिरवायचं आणि सांगायचं की एवढे किलोमीटर चालली. हात खराब होतो तो वस्तू घट्ट धरून मोटर अडते तेव्हा, अंगठ्यावर आडवा जोर येतो तेव्हा, गाडीवरून उतरताना हात हँडलला आपटतो तेव्हा. माझ्याकडे रिपेअरला जे हात येतात त्यात मोटर जळालेली क्वचितच असते, फाटलेला ग्लोव्ह (हातावरचं कातडीसारखं कव्हर), बोटाची लिंक, अंगठ्याचा जॉइंट, इलेक्ट्रोडची तुटलेली वायर आणि दमलेली बॅटरी हेच जास्त.

आणि १० लाख हा आकडा ऐकायला मोठा वाटतो पण हिशोब करून बघा. समजा भावाने दिवसाला हजार वेळा हात उघडला-मिटला, तर हजार दिवसांत १० लाख पूर्ण, म्हणजे तीन वर्षं सुद्धा नाही. पायाच्या बाबतीत बरं आहे, कृत्रिम पायाला आयएसओ १०३२८ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात ठरवून दिलेलं वजन टाकून ३० लाख वेळा दाबून बघतात, सगळ्या कंपन्यांना तीच पट्टी. हाताला आयएसओ २२५२३ लागू होतं पण ते सर्वसाधारण आवश्यकतांचं आहे, मजबुती, मटेरियल, धोके, सूचना वगैरे, पायासारखी एकच ठरलेली सायकल टेस्ट त्यात नाही, त्यामुळे प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने सायकल मोजते आणि दोन ब्रोशरमधले आकडे एकमेकांशेजारी ठेवून काही उपयोग होत नाही.

ग्रिप फोर्सचंही तसंच. किती न्यूटन हे लिहिलेलं असतं, पण कुठल्या पकडीत ते बघा. तीन बोटांचा एका मोटरचा जुन्या पद्धतीचा मायोइलेक्ट्रिक हात १०० न्यूटनच्या आसपास दाब देतो, आणि सगळी बोटं वेगळी हलणारा दिसायला भारी हात चिमटीत धरताना बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा कमीच देतो, कारण प्रत्येक बोटात बसणारी मोटर बारकी असते. बोटांना पिशवी लटकवून किती किलो पेलतो हा आकडा आणखी वेगळा, तो लॉक झालेल्या गिअरचा असतो, मुठीच्या ताकदीचा नसतो. सेल्समध्ये नेमका हाच आकडा मोठ्या अक्षरात असतो.

आता बॉक्स अँड ब्लॉक. ही टेस्ट मला आवडते कारण साधी आहे, सुतार पण बनवून देईल. मधे साधारण १५ सेंटिमीटर उंचीची फळी असलेली लाकडी पेटी, एका बाजूला अडीच सेंटिमीटरचे १५० लाकडी ठोकळे, एका मिनिटात एकेक ठोकळा उचलून फळीच्या पलीकडे टाकायचा, किती टाकले ते मोजायचं. धडधाकट तरुण माणूस ८० च्या वर जातो, १९८५ साली अमेरिकेत वयानुसार याचे नॉर्म्स काढलेत ते अजून सगळीकडे वापरतात. मायोइलेक्ट्रिक हाताने सरावलेला माणूस वीसच्या आगेमागे पोचला तरी मी खूश असतो. तेव्हा ३२ हा स्कोअर अशक्य नाही, चांगला आहे, पण कुणाचा ते विचारायला हवं. जन्मापासून हात नसलेल्या आणि लहानपणापासून प्रोस्थेसिस वापरणाऱ्या मुलाचा असेल, कंपनीच्या डेमो युजरचा असेल जो रोज हेच करतो. आणि एक गोष्ट बाहेर फारशी कुणाला माहीत नसते, संशोधनात बऱ्याच वेळा दोन्ही हात असलेल्या विद्यार्थ्यांच्या हाताखाली किंवा हातापुढे अडॅप्टर बांधून त्यावर कृत्रिम हात लावतात आणि टेस्ट घेतात, कारण हात गेलेली माणसं लॅबला सहज मिळत नाहीत. त्यात चूक काही नाही, दोन कंट्रोल पद्धतींची तुलना करायला ते चालतं, पण त्या पोराला स्टंप नाही, टाक्यांची जागा दुखत नाही, त्याचे स्नायू पूर्ण लांबीचे आहेत, त्यामुळे त्याचा स्कोअर तुमच्या भावाला लावता येत नाही.

शिवाय ही टेस्ट दुसऱ्या दिवशी परत घेतली की स्कोअर वाढतो, तिसऱ्यांदा अजून वाढतो, म्हणजे हात सुधारला असं नाही, माणूस टेस्ट शिकला. म्हणून आम्ही पहिला स्कोअर फक्त लिहून ठेवतो, त्यावरून निकाल देत नाही, आणि दोन वेगळे हात तपासायचे असतील तर दोन्हीवर सारखा सराव देऊनच मोजतो. सेल्सवाले काय करतात, पेशंटच्या जुन्या, केबलने ओढायच्या हुकवर पहिल्या दिवशी मोजतात आणि नव्या हातावर आठवडाभर प्रॅक्टिस करून मोजतात.

जरा मोठी टेस्ट म्हणजे शॅप, साउथहॅम्प्टन विद्यापीठात २००२ च्या सुमारास बनवलेली. त्यात १२ ठोकळेवजा वस्तू असतात, त्याच सहा आकारांच्या सहा हलक्या आणि सहा जड, आणि १४ रोजची कामं, नाणी उचलणं, बटण काढणं, बरणीचं झाकण, जगमधून ओतणं, किल्ली फिरवणं, चेन लावणं, ट्रे उचलणं अशी. प्रत्येक कामाला किती वेळ लागला ते पेशंट स्वतःच बटण दाबून मोजतो आणि शेवटी १०० पैकी एक इंडेक्स निघतो, धडधाकट हाताचा ९५ ते १०० येतो. यात चांगलं काय तर नुसतं एकूण नाही, कुठली पकड कच्ची आहे ते पण कळतं, गोल वस्तूची, तीन बोटांची, चिमटीची, मुठीची, किल्ली धरायची, ताट धरायची. २४ ग्रिप असलेला हात पण मुळात याच सहा पकडींभोवती फिरतो हे लक्षात घ्या, बाकीच्या ग्रिप्स म्हणजे मोबाइलवर टाइप करायला एक बोट पुढे वगैरे. माझे जे पेशंट खरंच रोज हात वापरतात ते दोन-तीन ग्रिपच्या पुढे जात नाहीत, चौथ्या ग्रिपपर्यंत जायला दोन्ही स्नायू एकदम आवळून मोड बदलायचा, तेवढ्यात दुसऱ्या हाताने काम होऊन जातं.

पण ह्या दोन्ही टेस्टमध्ये घड्याळ असतं आणि घड्याळाला खांदा दिसत नाही. कृत्रिम मनगट बहुतेक फक्त गोल फिरतं, खाली-वर वाकत नाही, मग माणूस ठोकळा उचलायला कोपर बाजूला उचलतो, कंबर वाकवतो, मान तिरकी करतो, आणि स्कोअर मस्त येतो. सहा महिन्यांनी तोच माणूस खांदा धरून येतो. म्हणून टेस्ट चालू असताना आम्ही समोरून आणि बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढतो आणि नंतर आकड्याऐवजी खांदाच बघतो. स्वीडनमध्ये बनलेली एसीएमसी नावाची टेस्ट यासाठी चांगली आहे, त्यात वेळ मोजतच नाहीत, माणूस ओळखीचं दोन हाताचं काम करतो, म्हणजे बॅग भरणं, टेबल मांडणं असलं, आणि ट्रेनिंग घेतलेला थेरपिस्ट बघतो की पकड आपसूक येते का, न बघता सोडता येते का, हात हवेत फिरवताना वस्तू सुटते का.

आता भावाच्या बाबतीत मी काय करीन ते लिहितो, कारण खरी टेस्ट इथूनच चालू होते, आणि सगळ्यात पहिली टेस्ट तर हात आणायच्या आधीच असते. मायोइलेक्ट्रिक हात चालतो तो स्टंपमधल्या स्नायूंच्या सिग्नलवर. मनगट खाली दाबायचा विचार केला की आतला स्नायू आवळतो, वर उचलायचा विचार केला की बाहेरचा, कातडीवर ठेवलेले दोन इलेक्ट्रोड ते पकडतात, एकाने हात बंद होतो दुसऱ्याने उघडतो. हा सिग्नल फार फार तर एक-दोन मिलिव्होल्टचा, बऱ्याचदा त्याहून खूप कमी, आणि आजूबाजूला वायरिंगचा ५० हर्ट्झचा गोंगाट. कॉम्प्युटरला इलेक्ट्रोड लावून स्क्रीनवर दोन रेषा दिसतात, त्यात मी बघतो की एक वर नेताना दुसरी खाली राहते का. नव्या पेशंटचं बहुतेक दोन्ही एकदम वर जातं, हात गेल्यावर मेंदू सगळंच आवळायला बघतो. मग वीस मिनिटं परत परत करायला लावतो, कारण पहिल्या मिनिटाला सगळ्यांचाच सिग्नल छान असतो, विसाव्या मिनिटाला स्नायू दमल्यावर काय राहतं ते मला हवं असतं. ही टेस्ट कुणी न करता कोटेशन दिलं असेल तर तिथेच थांबा. तुमच्या मेसेजवरून तरी वाटतंय की भावाला इलेक्ट्रोड लावून कुणी बघितलेलंच नाही, फक्त व्हिडिओ दाखवलाय.

दुसरी गोष्ट सॉकेट. लोक हाताबद्दलच बोलतात, कोटेशनमध्ये सॉकेट एका ओळीत असतं, पण पेशंट हात कपाटात ठेवून देतो तो जास्त करून सॉकेटमुळे. २००७ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता, त्यात मोठ्या माणसांमध्ये हात सोडून देण्याचं प्रमाण बॉडी पॉवर्डला (खांद्याच्या हालचालीने केबल ओढून चालणाऱ्या हाताला) साधारण २६ टक्के आणि इलेक्ट्रिकला २३ टक्के निघालं, म्हणजे पाच-पाच लाखांचा फरक असून चित्र जवळपास सारखंच. कारणं काय तर वजन, घाम, टोचणं, आणि एका हाताने पटकन होतं. वजनाचं ऐका, खऱ्या माणसाच्या हाताचा पंजा साधारण ४०० ग्रॅमचा असतो आणि कृत्रिम हातही तेवढाच भरतो, पण आपला पंजा हाडाला धरलेला असतो, हा कातडीला लटकतो, म्हणून तोच हात दुप्पट जड लागतो. चार महिन्यांच्या स्टंपची सूज अजून उतरत असते, आज माप घेतलं तर दोन-तीन महिन्यांत सॉकेट सैल होणार, सैल झालं की इलेक्ट्रोड कातडीपासून सुटतो आणि हात आपोआप उघडतो. म्हणून आधी पारदर्शक प्लॅस्टिकचं चेक सॉकेट बनवून त्यातच इलेक्ट्रोड बसवून ट्रायल घ्यायची, फायनल पक्कं सॉकेट नंतर.

ट्रायलला टेबलासमोर खुर्चीवर बसवून, कोपर ९० अंशात ठेवून डेमो देतात, त्यात सगळे हात चालतात. तुम्ही भावाला उभं करा, हात डोक्याच्या वर न्यायला लावा, फडताळातून डबा काढतो तसा, मग हात खाली सोडायला लावा, मग मागे कंबरेपाशी. हाताची पोझिशन बदलली की कोपराजवळचे स्नायू वेगळ्या तऱ्हेने आवळतात आणि सॉकेट सरकतं, जो हात समोर दहापैकी दहा वेळा बरोबर चालतो तो वर नेल्यावर हट्ट करतो, पॅटर्न ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्या हातात तर हे जास्तच दिसतं. मग तीन किलोची पिशवी त्याच हातात देऊन जिना चढवा. मग घाम येईपर्यंत चालवा आणि परत तेच करा. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाड-पिंपळगावकडचे पेशंट सकाळी आले की उलटं होतं, थंडीने कातडी कोरडी ठक्क, सिग्नलच येत नाही, थोडं पाणी लावलं किंवा अर्धा तास सॉकेट घालून बसवलं की हात चालू. एप्रिलमध्ये त्याच माणसाचा घाम सॉकेटमध्ये साचतो. एका दिवसाच्या डेमोत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून मी निदान दोन आठवडे घरी नेऊन वापरायची ट्रायल मागा म्हणतो, लेखी मागा.

वेळ लागतो का ते पण बघा. स्नायू आवळला आणि हात हलायला लागला यात १०० ते १२५ मिलिसेकंदांच्या वर उशीर झाला की कंट्रोल बिघडायला लागतो असं अभ्यासात दिसलंय, आणि भावाला ते मोजायची गरजच नाही, तो स्वतःच म्हणेल की हा हात मागून येतोय.

आणि वस्तू ठोकळ्यांऐवजी त्याच्या घेऊन जा. चहाचा कागदी कप, भरलेला, कारण न बघता किती दाबला ते ह्या हाताला कळत नाही, बोटांना स्पर्श नाही, माणूस डोळ्यांनी आणि मोटरच्या आवाजावरून अंदाज घेतो. दुधाची पिशवी कात्रीने कापताना धरायला. भाकरीचा तुकडा मोडताना. शर्टाचं मनगटाचं बटण. मेथीची जुडी. घरी शेती असेल तर द्राक्षाच्या विरळणीला घड धरून बघू दे, कात्री डाव्या हातात आणि घड ह्या हातात, हे बारीक काम आहे आणि हात नुसता मदतनीस म्हणून किती टिकतो ते दहा मिनिटांत कळतं. एका बाजूचा हात गेलेल्या माणसाचा कृत्रिम हात हा कायम मदतनीसच राहतो, मुख्य काम चांगला हात करतो, तेव्हा टेस्टपण मदतनीसाचीच घ्या.

त्याला परत प्रेसवर जायचंय असं तुम्ही लिहिलंय, त्यावर मला जरा बोलायचंय. शीट मेटलची बर (कापलेल्या पत्र्याची धारदार कड) लागली की सिलिकॉनचा ग्लोव्ह आठवड्यात फाटतो, तेल आणि कूलंट आत गेलं की कंपनी वॉरंटी नाकारते, ते त्यांच्या कागदात बारीक अक्षरात असतंच. शॉपफ्लोअरला केबलवाला स्टीलचा हूक हा अजूनही राजा आहे, दिसायला नको वाटतो मान्य, पण टोक दिसतं, धुता येतो, आणि खांद्यावरच्या हार्नेसमधून केबलचा ताण जाणवतो त्यामुळे किती दाबलं ते थोडंफार कळतं. २०१६ साली झुरिकला सायबॅथलॉन म्हणून कृत्रिम अवयव वापरणाऱ्यांची स्पर्धा झाली, जगभरचे रोबोटिक हात आले होते, ब्रेडला जॅम लावणं, बल्ब बसवणं, कपडे वाळत घालणं असली कामं होती, आणि हाताच्या रेसमध्ये पहिला आला तो केबलने ओढायच्या साध्या यांत्रिक ग्रिपरवाला. याचा अर्थ इलेक्ट्रिक हात टाकाऊ असा नाही, बॉडी पॉवर्डचे पण प्रॉब्लेम आहेत, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लोकांनी २०१० ला केबलवाले हात आणि हूक मशीनवर तपासले तेव्हा हुकापेक्षा हाताच्या आकाराच्या डिव्हाइसला कितीतरी जास्त जोर लागतो असं निघालं, म्हणजे हार्नेसने काखेत काचतं ते उगाच नाही. माझा सल्ला बहुतेक वेळा एका सॉकेटवर दोन टोकं असा असतो, कामाला हूक, बाहेर जायला हात. आणि ताई, प्रेसला दोन हातांची दोन बटणं असतात ती सेफ्टीसाठी असतात, आता त्याला एक बटण दाबणं अवघड जातं म्हणून कुणी ते बटण बांधून द्यायला निघालं तर अजिबात होऊ देऊ नका, उरलेला हात आहे तो.

आता भाच्याचा प्रश्न. तो बरोबर बोलतोय, कातडीवरच्या इलेक्ट्रोडचा त्रास टाळायला स्नायूच्या आत किंवा नसेवर (नर्व्हवर, रक्तवाहिनीवर नाही) बसवायचे इलेक्ट्रोड आणि हाडात बसवायचा टायटॅनियमचा रॉड यावर काम चालू आहे. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला जानेवारी २०१३ मध्ये पहिल्यांदा एका माणसाला हाडातून आणि आतल्या इलेक्ट्रोडवर चालणारा हात बसवला आणि तो तो हात घरी-कामावर वापरायला लागला. असं काही माणसात घालायच्या आधी प्राण्यांत तपासतात, त्यात डुक्कर बऱ्याच वेळा असतं कारण त्याची कातडी जाड आणि खालच्या चरबीला घट्ट चिकटलेली, माणसासारखी, आणि नसांची जाडीपण जवळपास. आपल्याकडे असल्या प्रयोगांना आधी परवानगी काढावी लागते, कुणीही उठून करू शकत नाही.

रक्तातली प्रोटीन कशाला मोजतात तर आत बसवलेल्या वस्तूवर शरीर चिडलंय का ते बघायला. सूज किंवा इन्फेक्शन असलं की डुकरात हॅप्टोग्लोबिन, सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन ही वाढतात, अल्ब्युमिन थोडं उतरतं. ऑपरेशननंतर काही दिवस ती वाढणारच, जखम आहे ती, नंतर खाली आली की ठीक, वरच राहिली तर काहीतरी बिनसलंय. पण पिल्लं लहान असली की इथे एक मोठी गोम आहे आणि भाच्याला हे विचारा, त्याला पेपर वाचायला उपयोगी पडेल. डुकरीच्या वारेतून पिल्लाला अँटिबॉडी जातच नाहीत, पिल्लू जन्मतं तेव्हा रक्तात एकूण प्रोटीन फार कमी असतं, डेसिलीटरला दोन-अडीच ग्रॅमच्या आसपास, अल्ब्युमिन पण कमी, आणि फेट्युइनसारखी गर्भातली प्रोटीनच जास्त. मग पहिल्या दिवसात ते चीक पितं आणि त्यातल्या अँटिबॉडी आतड्यातून थेट रक्तात जातात, एका दिवसात एकूण प्रोटीन जवळजवळ दुप्पट, आणि २४ ते ३६ तासांत आतड्याचा तो रस्ता बंद होतो. पुढे आईकडून आलेल्या अँटिबॉडी हळूहळू संपत जातात, स्वतःच्या तयार व्हायला लागतात, अल्ब्युमिन वाढत जातं. म्हणजे काहीही न करता, नुसतं वाढण्यातच त्या पिल्लाच्या रक्ताचा रिपोर्ट दर आठवड्याला बदलतोय. आता त्यात इलेक्ट्रोड बसवला आणि दोन आठवड्यांनी प्रोटीन बदललं तर ते इलेक्ट्रोडमुळे का वयामुळे? ते कळायला त्याच वेताची, तेवढ्याच वजनाची, ऑपरेशन करून टाके घातलेली पण आत काहीही न बसवलेली पिल्लं शेजारी लागतात, आणि कुठल्या पिल्लाला चीक पोटभर मिळाला ते पण बघायला लागतं, बारक्या पिल्लाला भावंडं आचळापाशी येऊच देत नाहीत. पेपरमध्ये अशी तुलनेची पिल्लं नसतील तर नुसता आलेख कितीही सुंदर असला तरी मी पुढे वाचत नाही. तुमच्या ब्रोशरवरच्या ३२ ला मी जे विचारलं तेच इथेही विचारायचं, कुणाशी तुलना केली.

आणि समजा पिल्लांचे रिपोर्ट उत्तम आले, तरी त्यातून एवढंच कळतं की ती वस्तू आत राहू शकते. त्यातून चहाचा कप धरता येईल का ते कळत नाही, ते पुढे माणसांवर, आधी मोजक्या माणसांवर, वर्षानुवर्षं बघून कळतं, हाडातून कातडीबाहेर येणाऱ्या रॉडच्या जागी इन्फेक्शनचा प्रश्न तर परदेशातही संपलेला नाही. तेव्हा थांबू नका. उलट हात गेल्यावर जितक्या लवकर काहीतरी बसवाल तितका माणूस ते वापरायची शक्यता जास्त, पहिल्या ३० दिवसांचं महत्त्व १९८४ पासून लिहिलं गेलंय, ते तर आपले गेलेच, आता चार महिन्यांत भाऊ सगळं डाव्या हाताने करायला शिकलाय आणि अजून वर्षभराने त्याला कुठलाच हात नको वाटेल. आत्ता साधा बॉडी पॉवर्ड हात लावला म्हणून उद्या दुसरा लावता येत नाही असं काही नाही, उलट सॉकेटची सवय होते, स्टंप आकारात येतो.

पैशाचं म्हणाल तर तो नोकरीवर असताना जखमी झालाय, ईएसआयसी कापली जात असेल तर कृत्रिम अवयव त्यातून मिळतो, कागद आधी तिकडे टाका, सोबत अपघाताचा रिपोर्ट लागेल. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या, केंद्र सरकारच्या अडिप स्कीममधून अॅलिम्को या सरकारी कंपनीचे हात मिळतात त्याला ते लागतं. मुंबईला हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत पण दाखवता येईल. रोटरीच्या कॅम्पमध्ये एलएन-४ नावाचा प्लॅस्टिकचा यांत्रिक हात फुकट मिळतो, कोपराखाली पुरेसा स्टंप असलेल्यांसाठीच आहे, भावाला बसेल असं वाटतंय, बोटं दुसऱ्या हाताने जुळवायला लागतात पण चमचा, पेन, झाडू धरायला काही महिने चांगला जातो, तोपर्यंत सूज पण उतरेल.

साडेसहा लाखवाल्यांना नाही म्हणू नका, फक्त चार गोष्टी लेखी मागा, इलेक्ट्रोड लावून काढलेला भावाच्या सिग्नलचा रिपोर्ट, चेक सॉकेटवर घरची ट्रायल, वर्षभरात सॉकेट सैल झाल्यावर बदलून देणार का आणि कितीला, आणि ग्लोव्ह-बॅटरी नाशिकला मिळते का हात दर वेळी कुरिअरने दोन-तीन आठवडे बाहेर पाठवायला लागतो. ज्याने माप घेतलं त्याचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन नंबर पण बघा, तो कोटेशनवर असायला काहीच हरकत नसते. सिग्नलचा रिपोर्ट मिळाला की स्क्रीनचा फोटो इथे टाका, दोन्ही रेषा दिसतील असा, आणि इलेक्ट्रोड कुठे लावले होते तिथे कातडीवर पेनाने खूण करून त्याचा पण एक फोटो.